तीन सख्ख्या बहिणी आणि हाडांची ठिसूळता: धोका कोणाला अधिक, आणि का?

रानजाई

माझी थोरली मावशी, माझी आई आणि धाकटी मावशी या तिघी सख्ख्या बहिणी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, एकाच चुलीवरचे जेवण जेवून वाढल्या. तिघींची चण लहान, रंग सावळा, चालही सारखीच. लग्नघरात पाठमोऱ्या पाहिल्या तर कोण कोणती हे घरच्यांनाही चटकन ओळखू येत नसे. आज तिघींच्या हाडांची स्थिती मात्र इतकी वेगवेगळी आहे की त्याचे कारण समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढते आहे.

थोरल्या मावशीचे वय आता ७४ आहे. वयाच्या ५२ व्या वर्षी ती अंगणात घसरली आणि हाताचा आधार घेताना मनगट मोडले. ते सांधले, आणि त्या वेळी कोणालाही त्यात विशेष काही वाटले नाही. त्यानंतर सहा वर्षांच्या आत तिला पोक येऊ लागले आणि क्ष-किरण तपासणीत पाठीचे तीन मणके दबलेले दिसले. तिने आयुष्यभर शेतात काम केले आहे, डोक्यावरून वैरणीचे भारे वाहिले आहेत. कष्टाची माणसे काटक असतात, असे आमच्याकडे सगळेच म्हणत आले, आणि नेमके तिचेच हाड सर्वांत आधी मोडले.

आई ७१ वर्षांची आहे. ती प्राथमिक शिक्षिका होती. तिला चाळिशीपासून दमा आहे. तिचे हाड आजवर कधी मोडलेले नाही. मागच्या वर्षी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी केली, तेव्हा खुब्याचा टी-स्कोअर उणे २.१ आला आणि ‘अजून ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ, ठिसूळ होणे) नाही, कॅल्शियम चालू ठेवा’ असे सांगण्यात आले.

धाकटी मावशी ६६ वर्षांची, ठाण्यात राहणारी, अंगाने भरलेली, आणि पंधरा वर्षांपासून मधुमेही आहे. तिचा टी-स्कोअर उणे ०.८ आहे, म्हणजे चांगला म्हणावा असा. तरीही गेल्या पावसाळ्यात जिन्याची एकच पायरी चुकली आणि खांद्याजवळ दंडाचे हाड मोडले.

एकच रक्त, एकच बालपण. मग कोणाची हाडे ठिसूळ होणार हे ठरते तरी कशावरून? माझे वय ४६ आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठीही दूरचा राहिलेला नाही.

अश्मक

मी तालुक्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. आपण तिन्ही बहिणींची माहिती एकत्र मांडली आहे हे फार उपयोगाचे आहे, कारण दवाखान्यात आमच्यासमोर एक रुग्ण आणि एक आकडा येतो, आणि आकड्याच्या मागे असलेले आयुष्य बहुधा बाहेरच राहते.

प्रथम आकड्याविषयी लिहितो. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी केलेली तुलना. उणे २.५ किंवा त्याखालील आकड्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणावे आणि उणे १ ते उणे २.५ या पट्ट्याला ऑस्टिओपेनिया म्हणावे, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. ती आवश्यक होती. पण तिच्यामुळे उणे २.४ आला तर निर्धास्त आणि उणे २.६ आला तर रोगी, अशी एक चुकीची समजूत रुजली. प्रत्यक्षात हाड मोडून येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा आकडा उणे २.५ च्या वरच असतो, कारण मधल्या पट्ट्यात माणसेच अधिक असतात. शिवाय डेक्साचे यंत्र हाडाची सावली मोजते, जाडी नव्हे. त्यामुळे लहान चणीच्या स्त्रीचे हाड आहे त्याहून थोडे विरळ दिसू शकते. आपल्याकडच्या बुटक्या, बारीक स्त्रियांचे अहवाल वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हाड ही सतत मोडून पुन्हा बांधली जाणारी वस्तू आहे. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही पेशी त्या जागी नवे भरतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी असा नवा होत असतो. वाढीच्या वयात भरणे अधिक असते. तिशीच्या आसपास हाडांचा साठा शिखरावर पोचतो आणि त्यानंतर हळूहळू उतरू लागतो. म्हणून धोका दोन गोष्टींनी ठरतो: शिखर किती उंच होते आणि उतार किती तीव्र आहे. शिखराची उंची बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. माणसामाणसांतील फरकाचा ६० ते ८० टक्के भाग अनुवंशाशी जोडला जातो. तिन्ही बहिणींमध्ये तो भाग साधारण सारखा असावा. म्हणजे फरक उतारात शोधायला हवा.

उताराला सर्वांत मोठा धक्का पाळी जाण्याचा बसतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालते. ते आटले की तो आवर सुटतो, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा दहा ते वीस टक्के साठा निघून जातो. पाळी ४५ वर्षांच्या आधी थांबली असेल तर हा उतार तितक्याच आधी सुरू होतो. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, भारतात ते ४६-४७ आहे. आपल्याकडे खुब्याचे अस्थिभंग तिकडच्यापेक्षा बरेच लहान वयात दिसतात, त्यामागचे हे एक कारण मानायला जागा आहे.

म्हणून मी आपल्याला काही प्रश्न विचारतो. तिघींची पाळी नेमकी कोणत्या वर्षी थांबली, आणि ती आपोआप थांबली की शस्त्रक्रियेने? कोणी तीन महिन्यांहून अधिक काळ कोणती गोळी घेतली आहे? आजी किंवा आजोबांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का? आणि आईची तरुणपणीची उंची किती होती, आता किती आहे? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर शक्य असेल तर अंदाजाने देऊ नका, मोजून द्या.

रानजाई

आपले प्रश्न घेऊन मी रविवारी गावी गेले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

थोरल्या मावशीची पिशवी १९८६ मध्ये काढली, तेव्हा ती ३६ वर्षांची होती. अंगावरून जात होते, ‘पुढे कॅन्सर होईल’ असे तिला सांगितले गेले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती, हे तिच्या जपून ठेवलेल्या कागदावर लिहिलेले आहे. ते तिला माहीत नव्हते. मनगट मोडले तेव्हा, मणके दबले तेव्हा, ती चार वेगवेगळ्या दवाखान्यांत गेली. या शस्त्रक्रियेविषयी तिला कोणीही विचारले नाही, आणि त्याचा हाडांशी काही संबंध असेल हे तिच्या स्वतःच्याही मनात आले नाही. आईची पाळी ४८ व्या वर्षी गेली, धाकट्या मावशीची ५० व्या वर्षी.

आजी न्हाणीघरात पडून खुबा मोडला आणि चार महिन्यांत गेली. ते वय झाल्यामुळे, असेच आम्ही धरून चाललो होतो. आईने दम्यासाठी फवारा घेतला आहेच, पण तो नियमित सुरू होण्याआधीची दहा-बारा वर्षे ती दर थंडीत ‘त्या पांढऱ्या बारीक गोळ्या’ घेत असे, आणि मध्ये दोन वर्षे कुणाच्या तरी सांगण्यावरून दम्याची एक पूडही घेत होती, जिने तिला आश्चर्यकारक आराम पडायचा. उंचीचे नंतर कळवते.

सिंदफणाकाठ

थोरल्या मावशींविषयी वाचले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. मी बीड जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे. इथे ‘पिशवी काढली’ हे वाक्य गावात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की जणू दात काढला.

२०१९ मध्ये हा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. यामागची कारणे केवळ वैद्यकीय नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस काम बुडाले की खाडा लागून पैसे कापले जातात. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या. अशा वेळी पांढरे जाण्याच्या साध्या तक्रारीवर कोणी कॅन्सरची भीती घातली, तर बाई शस्त्रक्रियेला तयार होते, आणि पुष्कळदा त्यासाठीही उचलच घेते.

त्या वेळची चर्चा पैसा, फसवणूक आणि अनावश्यक शस्त्रक्रिया यांभोवती झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण या बायका पन्नाशीला, साठीला येतील तेव्हा त्यांच्या मणक्यांचे काय होईल, हे तेव्हा फारसे कोणी विचारले नाही. ज्यांची अंडाशये काढली त्यांची पाळी एका दिवसात गेली. ज्यांची ठेवली त्यांच्यातही, रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे असेल, रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येऊ शकते. आणि पाळी आधीच बंद झालेली असल्यामुळे ती कधी आली हे त्या बाईला कळायला मार्ग उरत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवते. कष्ट केल्याने हाडे मजबूत होतात हे खरे आहे. हाडावर भार पडला की ते तिथे भरते. पण भरण्यासाठी अंगात काहीतरी असावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कमी उत्पन्न गटातील ३० ते ६० वयाच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आहारात दिवसाला ३०० मिलिग्रॅमहूनही कमी कॅल्शियम होते आणि हाडांची घनता विकसित देशांतल्या स्त्रियांपेक्षा बरीच कमी होती. कष्टाच्या बाईला ठिसूळपणा येत नाही, ही समजूत म्हणूनच मला घातक वाटते. तिच्यामुळे त्या बाईची तपासणीच होत नाही.

पारिजात

मी पुण्यात आहारविषयक सल्ल्याचे काम करते. अश्मक यांनी शिखराच्या उंचीत अनुवंशाचा वाटा मोठा आहे असे लिहिले आहे. ते मान्य आहे. परंतु ‘आईची हाडे अशीच होती, म्हणून माझीही’ असा त्याचा अर्थ घेतला जातो, तो मला अपुरा वाटतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्या स्त्रियांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा मुलांची आणि आईवडिलांची डेक्सा तपासणी झाली आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची हाडे आणि आईवडिलांची हाडे यांचा संबंध दिसला, हे अपेक्षितच होते. पण त्याव्यतिरिक्त, ज्या आयांनी गरोदरपणी दूध, दुधाचे पदार्थ, डाळी, पालेभाज्या, फळे, मांस-मासे असे कॅल्शियम देणारे पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते आणि ज्यांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरलेली होती. म्हणजे हाडांचा इतिहास जन्माच्याही आधीपासून लिहिला जातो. यावरून मला असे विचारावेसे वाटते की तिघी बहिणी एकाच घरात वाढल्या, तरी त्यांच्या जन्माच्या वेळी घरची स्थिती सारखी होती का? दुष्काळाचे वर्ष, दोन बाळंतपणांतले अंतर, दुभते जनावर असणे किंवा नसणे, या गोष्टी एकाच घरात दर वर्षी बदलतात.

आहाराचे प्रमाण सांगायचे तर, २०२० च्या शिफारशींत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. दोनशे मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिळते, पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठातून सुमारे १८० आणि मोठा चमचाभर सालासकट तिळांतून शंभराच्या वर. शेवग्याचा पाला उत्तम. पालकात कॅल्शियम असले तरी त्यातील ऑक्झलेट या घटकामुळे ते फारसे अंगी लागत नाही. कोकणात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी हा तर फार चांगला स्रोत आहे. ज्या घरात बायका सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवतात, तिथे दूध आणि मासळी यांतले त्यांच्या वाट्याला काय येते, हे निराळे सांगायला नको.

तंबाखूचाही उल्लेख हवा. धूम्रपान हा हाडांचा सिद्ध झालेला शत्रू आहे. आपल्याकडे बायका विडी क्वचित ओढतात, पण मशेरी लावणाऱ्या पुष्कळ आहेत. मशेरीतून निकोटिन शरीरात जातेच, त्यामुळे मी ती धोक्याच्या बाजूनेच धरते आणि विचारल्याशिवाय राहत नाही.

कृष्णाकाठ

हा आजार केवळ बायकांचा मानला जातो, त्यामुळे माझ्या वडिलांचा अनुभव इथे ठेवतो. त्यांना ६८ व्या वर्षी प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि पुरुषी संप्रेरक दाबून ठेवणारी इंजेक्शने सुरू झाली. कर्करोग आटोक्यात आला, परंतु तीन वर्षांनी केवळ पाण्याची बादली उचलताना त्यांचा मणका दबला. पुरुषांच्या शरीरातही हाडे राखण्याचे काम बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनच करते आणि ते टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते, हे मला तेव्हा प्रथम कळले. ते इंजेक्शन सुरू करतानाच हाडांची तपासणी करायला हवी होती. ती झाली नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही.

जगभरात पन्नाशीनंतर साधारण तीन स्त्रियांपैकी एकीचे आणि पाच पुरुषांपैकी एकाचे हाड ठिसूळपणामुळे मोडते. खुबा मोडल्यावर पहिल्या वर्षात दगावण्याचे प्रमाण तर पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक आहे. वडिलांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर खुबा मोडलेले एक गृहस्थ होते. त्यांचे कारण वेगळे होते; रोजचे मद्यपान आणि त्यामुळे वारंवार पडणे. दिवसाला तीन किंवा अधिक मापे मद्य हा स्वतंत्र धोका गणला जातो, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते.

उत्तरायण

मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहते. इथे आलेल्या आपल्या लोकांच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो, तो हाडे विरळ होणे आणि हाडे मऊ होणे यांतल्या फरकाचा. ड जीवनसत्त्व फार कमी झाले की हाडात क्षार नीट भरले जात नाहीत, अंग दुखते, जिना चढताना मांड्या भरून येतात. हा ऑस्टिओपोरोसिस नव्हे. पण डेक्साच्या आकड्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात, आणि उपचार मात्र वेगळे आहेत.

इथे ऑक्टोबर ते मार्च या काळात सूर्याचे किरण इतके तिरपे असतात की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला ते तयार करायला मुळात अधिक ऊन लागते. म्हणून गडद वर्णाच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, असा इथला सल्ला आहे. मला आश्चर्य वाटले ते भारताविषयी वाचून. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी निरोगी लोकांची तपासणी करून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा बहुतेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी निघाले. उघड्यावर काम करणाऱ्या सैनिकांचे त्यांतल्या त्यात बरे होते. देशात ऊन आहे, पण ते माणसाच्या अंगावर पडते का, हा प्रश्न तिथेही आहेच. रानजाई, आईची ही तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या.

अश्मक

आपण दिलेल्या उत्तरांनी बरेच चित्र स्पष्ट झाले आहे.

थोरल्या मावशींची पाळी छत्तिसाव्या वर्षी गेली. म्हणजे ५२ व्या वर्षी मनगट मोडले तेव्हा त्यांची हाडे सोळा वर्षे इस्ट्रोजेनविना होती. पन्नाशीच्या आसपास साध्या घसरण्याने मनगट मोडणे ही पुढच्या अस्थिभंगाची एक स्पष्ट पूर्वसूचना असते, कारण एक हाड मोडल्यावर दुसरे मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. आम्ही प्लास्टर घालतो आणि सहा आठवड्यांनी काढतो. ते कशामुळे मोडले, हे विचारायचे राहून जाते. माझ्या व्यवसायाची ही चूक आहे आणि मी स्वतः ती अनेक वर्षे केली आहे.

आजींचा खुबा मोडला होता. आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला असणे हा तिन्ही बहिणींसाठी वेगळा, स्वतंत्र धोका आहे. शेफील्ड विद्यापीठात जॉन कॅनिस यांच्या गटाने २००८ मध्ये तयार केलेल्या ‘फ्रॅक्स’ या गणनेत पुढच्या दहा वर्षांतला धोका काढताना तो विचारला जातो; त्याबरोबर वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, धूम्रपान, स्टिरॉइड, आमवात आणि मद्य हेही. भारतासाठीची वेगळी गणना त्यात आहे. विशेष म्हणजे डेक्साचा आकडा नसतानाही ती करता येते.

धाकट्या मावशींच्या बाबतीत हीच गणना कमी पडते. वजन अधिक असल्याने त्यांच्या हाडांची घनता चांगली दिसते. परंतु दीर्घ मधुमेहात हाडातील कोलॅजन या प्रथिनाचे धागे साखरेमुळे कडक होतात, आणि भरीव दिसणारे हाड चिवटपणा गमावते. त्यात पायांची संवेदना कमी होणे, दृष्टी अधू होणे आणि साखर अचानक उतरणे यांमुळे पडण्याची शक्यता वाढते. मधुमेहावरच्या पायोग्लिटाझोन या गोळीमुळेही स्त्रियांत अस्थिभंग वाढतात. ती चालू आहे का पाहावे आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नये.

आईविषयी मला अधिक काळजी वाटते. त्या पांढऱ्या बारीक गोळ्या बहुधा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या असाव्यात. दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास हाडांचा धोका ठळकपणे वाढतो, आणि हाड सर्वांत वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जाते. दम्याच्या नेहमीच्या फवाऱ्यातली मात्रा फार अल्प असते, तो बंद करू नये. फवारा सोडून पुन्हा गोळ्यांवर जाणे हाडांना कितीतरी महागात पडते. ‘आश्चर्यकारक आराम’ देणाऱ्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. स्टिरॉइडने हाड डेक्साच्या आकड्यावर दिसते त्याहून अधिक दुबळे होते. म्हणूनच मी उंची विचारली होती. मणके दबतात तेव्हा सुमारे दोन तृतीयांश वेळा ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पाठ थोडी दुखते आणि वयाचा दोष म्हणून सोडून दिले जाते. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर किंवा अधिक कमी झाली असेल, तर पाठीचा बाजूने क्ष-किरण काढावा.

जाता जाता शिबिरांविषयी लिहितो. टाचेवर अल्ट्रासाउंड लावून मोफत मोजणी करणारी शिबिरे सर्वत्र भरतात. त्या यंत्राच्या आकड्याला उणे २.५ ची व्याख्या लागू होत नाही. त्यावरून रोग आहे असे ठरवून लोकांना वर्षानुवर्षे गोळ्या दिल्याचे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यावरून निर्धास्त केल्याचे, दोन्ही मी पाहिले आहे.

रानजाई

उंचीचे उत्तर मिळाले. तरुणपणी किती होती हे आईला आठवत नव्हते. मग तिच्या निवृत्तीच्या कागदांत सेवापुस्तकाची प्रत सापडली. पहिल्या पानावर, ओळखीच्या खुणेच्या वर, १९७६ मधली नोंद आहे: उंची १५५ सेंटिमीटर. भिंतीला पाठ लावून मी तिला तीनदा मोजले. तिन्ही वेळा १५० च्या किंचित वर आली.

आपण सांगितल्याप्रमाणे क्ष-किरण काढला. दोन मणके पुढच्या बाजूने दबलेले आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत डबे काढताना पाठीत उसण भरली असे म्हणून ती आठवडाभर शेक घेत होती, ती उसण हीच असावी. नव्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मणका असा दबलेला असेल, तर टी-स्कोअर उणे २.१ असला तरी हा ऑस्टिओपोरोसिसच आहे. ड जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. ते भरून काढून मग हाडांचे औषध सुरू करायचे ठरले आहे. धाकट्या मावशीच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन होतीच. तिच्या डॉक्टरांनी ती बदलली आहे आणि डोळ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

पारिजात यांच्या प्रश्नावर थोरल्या मावशीने सांगितले की तिच्या जन्माच्या वर्षी घरात म्हैस नव्हती. आईच्या वेळी होती, आणि धाकटीच्या वेळी दोन होत्या. याचा अर्थ किती लावावा ते मला ठरवता येत नाही, पण विचारल्यावाचून हे कधीच समजले नसते.

थोरल्या मावशीला मी तिचा १९८६ चा कागद वाचून दाखवला. अंडाशये काढल्याचे वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावले आणि मग विचारले, ‘हे तेव्हा सांगितलं असतं तर काही करता आलं असतं का?’ मी हो म्हणाले. आता त्या कागदाची प्रत तिच्या सगळ्या तपासण्यांच्या वर लावून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना आधी तोच दिसेल.